स्टँडर्ड हेराल्डचे मागचे स्वतंत्र सस्पेन्शन पूर्ण उघडून बांधताना

हेराल्डस्वार (धागालेखक)

नमस्कार मंडळी. आमच्या स्टँडर्ड हेराल्डचे मागचे सस्पेन्शन डिफरन्शियलसकट (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, थोडक्यात डिफ) खाली उतरवून झाले आहे. सगळे भाग डिझेलने धुऊन, डावे-उजवे वेगळे करून ट्रेमध्ये मांडले आहेत आणि जोडणीला हात घालण्यापूर्वी काही बाबींवर तुमचे मत हवे आहे. या गाडीच्या मागच्या बाजूबद्दल पुण्यात सल्ल्यांना तोटा नाही. कोणी म्हणते आणखी एक पान घालून पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) कडक करा, कोणी म्हणते ही भानगडच काढून टाका आणि अँबेसिडरचा एक्सल बसवा. मला ती कारखान्यातून निघाली तशीच हवी आहे, आणि तशी बांधली तर ती नीट चालते असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना ही रचना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. ट्रायम्फ हेराल्ड एप्रिल १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आली; आपली स्टँडर्ड हेराल्ड ही तिचीच भारतात बनलेली आवृत्ती. बॉडी बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ताब्यात गेल्यामुळे हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडी करून देणारे कोणी उरले नव्हते. म्हणून त्यांनी वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टने जोडायचे पत्रे हा जुना मार्ग धरला. वेगळी चासी असल्यामुळे डिफरन्शियल थेट तिला टांगता आले आणि दोन्ही मागची चाके एकमेकांपासून स्वतंत्र करता आली. त्या किमतीच्या ब्रिटिश गाड्यांत तेव्हा ही सोय दुर्मीळ होती.

डिफच्या डोक्यावर एकच आडवा पाटा सहा स्टडांनी आवळलेला असतो. पाट्याची दोन टोके दोन्ही बाजूंच्या व्हर्टिकल लिंकला (चाकालगतच्या उभ्या दांड्याला) वरच्या अंगाने रबरी बुशातून जोडलेली असतात. लिंकच्या खालच्या टोकाशी ट्रनियनचे (बिजागरीसारख्या सांध्याचे) हौसिंग नायलॉनच्या बुशांवर हलते आणि त्या हौसिंगमधून हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) बाहेर पडून हबला मिळतो. शाफ्टला फक्त डिफच्या बाजूला क्रॉस, म्हणजे वळता सांधा, असतो, बाहेर सांधाच नसतो. याचा अर्थ असा, की हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि चाक धरूनही ठेवतो, तर चाक त्या एका क्रॉसभोवती कमानीत वरखाली होते. चाकाने पुढेमागे सरकू नये म्हणून एक रेडियस आर्म लिंकपासून पुढे चासीवरच्या ब्रॅकेटपर्यंत जातो. एवढ्या कमी भागांत एवढे काम करून घेणारी मागची बाजू मी दुसऱ्या गाडीत पाहिलेली नाही. जॅग्वारने १९६१ मध्ये ई-टाइप आणि मार्क टेनला दिलेले स्वतंत्र सस्पेन्शन निःसंशय श्रेष्ठ आहे, पण त्यात चार स्प्रिंगा, चार शॉकअप आणि डिफलगतच्या डिस्क असा सगळा संसार एका पिंजऱ्यात भरलेला असतो आणि तो उतरवायलाच दोन माणसे लागतात.

हेराल्डच्या साधेपणाची किंमत कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या उभ्या कलात, मोजावी लागते. क्रॉसपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने अर्धा मीटर धरले, तर गाडीची मागची बाजू २५ मिलिमीटरने वर-खाली झाली की प्रत्येक चाकाचा कॅम्बर जवळजवळ ३ अंशांनी बदलतो. मागची बाजू उचलली गेली की चाकांचे खालचे काठ आत येतात आणि खाली बसली की वरचे काठ आत झुकतात. त्यामुळे या गाडीत उंची हा दिसण्याचा प्रश्न नाही; उंची ठरली की चाके रस्त्यावर कशी टेकणार हेही ठरून जाते.

आता आमच्या गाडीत काय निघाले ते सांगतो. पाट्यात मूळचे नसलेले एक जाड पान सापडले. ते कुठल्या तरी ट्रकचे असावे आणि गॅसने कापून लांबी जुळवलेली आहे. पाट्याच्या दोन्ही डोळ्यांतले रबर आतल्या नळीपासून सुटून फिरत होते. नायलॉनचे बुश पिवळे पडून एका बाजूने झिजले होते, त्यामुळे चाक वरखाली हलवले की हाताला खट्ट असे जाणवत होते. दोन्ही बाजूंचे क्रॉस कोरडे पडले होते. उजव्या हाफ शाफ्टवर ट्रनियनमधले नीडल बेअरिंग जिथे बसते तिथे चकचकीत पट्टा पडला आहे आणि त्याच्या कडेवरून नख फिरवले की ते स्पष्ट अडकते. शिवाय ५/१६ इंची यूएनएफ (इंची मापाच्या बारीक आट्यांच्या) बोल्टांच्या जागी आधीच्या कुणीतरी ८ मिलिमीटरचे बोल्ट ठोकून बसवले होते. दोघांची जाडी जवळजवळ सारखी असल्यामुळे ते सुरुवातीला आत शिरतात, मग आटे खाऊन घट्ट होतात आणि बसवणाऱ्याला काम झाल्याचे समाधान मिळते. योग्य बोल्ट आता बोहरी आळीतून आणले आहेत. यूएनएफ म्हटल्यावर दुकानदाराने प्रथम नकार दिला, पण गेज दाखवून २४ आट्यांचे हवे असे सांगितल्यावर मागच्या फळीवरून डबा निघाला.

हे काम करणाऱ्यांसाठी उतरवण्याचा क्रमही नोंदवून ठेवतो. मागची सीट काढली की तिच्या मागच्या पत्र्यात एक झाकण असते. ते उघडल्यावर पाट्याच्या नटांपर्यंत वरूनच पाना पोहोचतो. चासी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) ठेवून, लिंकखाली जॅक देऊन, मगच शॉकअप सोडावा, कारण या गाडीत चाक किती खाली लोंबकळेल हे शॉकअपच ठरवतो. तो निघाला आणि खाली आधार नसला तर सगळा भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो. ती नळी आधीच सोडून तोंड बंद केलेले बरे. पाटा सरळ वर उचलून निघत नाही. स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून स्टडच सोडवावे लागतात आणि पाटा चाकाच्या कमानीतून बाजूला ओढून काढावा लागतो.

माझे प्रश्न पाट्याला पुन्हा बाक कसा द्यावा, नायलॉनऐवजी दुसरे काही वापरावे का आणि तो खाच पडलेला शाफ्ट वाचवता येईल का, याविषयी आहेत.

दिवेघाट

छान धागा. मी या गाड्या नव्या असताना चालवल्या आहेत, त्यामुळे थोडा जुना संदर्भ देतो. चेन्नईजवळच्या वंडलूरच्या कारखान्यातून निघालेली हेराल्ड ९४८ सीसीची होती आणि पुढे तिला चार दारांचे रूप मिळाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कारखान्याने गॅझेल काढली तेव्हा इंजिन तेच ठेवले, पण मागचे स्वतंत्र सस्पेन्शन काढून दोन्ही चाकांना जोडणारा सरळ एक्सल बसवला. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्रींना ही रचना रुचली नाही, हे त्याचे कारण सर्वश्रुत आहे.

का रुचली नाही, याचे उत्तर तुमच्या ट्रेमध्येच पडलेले आहे. ते जाड पान पाहा. आपल्या रस्त्यांवर गाडी खाली घासते म्हणून मालक तक्रार करत आणि पाटेवाला एक पान वाढवून मागची बाजू दीड-दोन इंच उचलून देत असे. सरळ एक्सलच्या गाडीत याने फारसे बिघडत नाही, फक्त धक्के जास्त बसतात. हेराल्डमध्ये तुमच्याच हिशेबाने चाके ४ ते ६ अंशांनी पाय आत घेऊन उभी राहतात, वळणावर बाहेरचे चाक टायरच्या बाहेरच्या कडेवर येते आणि चालकाने घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू आणखी उचलली जाते. मग चाक गाडीखाली दुमडल्यासारखे होते. लोक म्हणत हेराल्ड घाटात फसवते. फसवण्याची मुभा तिला त्या वाढीव पानाने दिलेली असे. ते पान बाजूला ठेवा आणि पुन्हा आत जाऊ देऊ नका.

लेथमास्तर

हेराल्डस्वार, तुम्ही हब कसे काढले ते लिहिले नाही आणि बहुतेकांचे शाफ्ट तिथेच वाया जातात, म्हणून माझी भर घालतो. हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावी आणि नटाने बसलेले असते आणि इतक्या वर्षांनी ते एकजीव झालेले असते. गॅरेजमध्ये नट काढून शाफ्टच्या टोकावर घण घालतात. त्याने आट्यांचे टोक फुलते, धक्का आतल्या बेअरिंगवर जातो आणि हबची चकती वाकते ती वेगळीच.

भोसरीत कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून २० मिलिमीटर जाड प्लेटचा पुलर करून घ्यावा. हबचे चारही स्टड पावणेचार इंचांच्या, म्हणजे ९५.२५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. त्या मापाने चार भोके आणि मध्ये बारीक आट्यांचा १०.९ ग्रेडचा बोल्ट घ्यावा. नट पूर्ण न काढता शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवावा, म्हणजे आटेही वाचतात आणि हब सुटताना उडून अंगावर येत नाही. बोल्ट आवळून ताण द्यावा, प्लेटच्या मध्यावर एक खणखणीत ठोका मारावा, पुन्हा थोडे आवळावे, हबला कडेने शेक द्यावा. नाहीच सुटले तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडून द्यावे. सुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज येतो, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

नायलॉनच्या बुशांबद्दल सांगायचे तर बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या दांड्यातून ते काढू नका. नायलॉन सिक्स पाणी पिते आणि फुगते. उन्हाळ्यात लेथवर अचूक बसवलेला बुश जुलैत जाम होतो. त्याऐवजी अॅसिटल घ्या, ज्याला आपल्याकडे सरसकट डेल्रिन म्हणतात. ते पाणी फार कमी शोषते आणि कातायलाही सोपे असते. गनमेटलचा हट्ट काही जण करतात, पण तो नियमित ग्रीस मागतो आणि माती शिरली की आतली पोलादी नळी खातो. नळी मात्र नवीन करून घ्या आणि तिची लांबी जुन्या झिजलेल्या नळीवरून न घेता दोन्ही बुश आणि हौसिंग एकत्र मोजून ठरवा. बोल्ट पूर्ण आवळल्यावर नळी घट्ट धरली गेली पाहिजे आणि हौसिंग मात्र हाताने, थोड्या जडपणाने का होईना, फिरले पाहिजे. कडेच्या रबरी रिंगा विसरू नका; त्या चार रुपयांच्या वस्तूअभावी अख्खे काम मातीत जाते.

पोलादपारखी

पाटा आणि शाफ्ट या दोन्हींवर लिहिते, कारण माझा रोजचा व्यवसाय उष्णतोपचाराचा आहे.

रस्त्याकडेला पाट्याला बाक देतात तो थंड ठोकून. पान दोन टेकूंवर ठेवून आतल्या, म्हणजे खोलगट बाजूने हातोडीचे ठोके देत नेतात. त्याने बाक येतो, पण टिकत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की गाडीचा भार आल्यावर पानाच्या ज्या पृष्ठभागावर ताण येतो तोही हा खोलगट पृष्ठभागच असतो आणि हातोडीची प्रत्येक खूण तिथे तडा सुरू होण्याची जागा ठरू शकते. योग्य पद्धत म्हणजे पाने सुटी करून, सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून, साच्यावर बाक देऊन तेलात बुडवणे आणि नंतर ४०० ते ५५० अंशांच्या दरम्यान टेम्परिंग करणे, म्हणजे पुन्हा बेताने तापवणे. जुन्या ब्रिटिश पाट्यांचे पोलाद बहुधा ईएन ४५ जातीचे, म्हणजे सिलिकॉन-मँगनीजचे असते आणि आपल्याकडचे ५५ एसआय ७ त्याच घराण्यातले आहे, त्यामुळे एखादे पान नवीन करावे लागले तरी अडत नाही. शेवटी खोलगट बाजूला शॉट पीनिंग (बारीक पोलादी गोळ्यांचा मारा) करून घ्यावे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ट्रकच्या पाट्यांचे काम करणारे कारागीर आहेत, मात्र देताना त्यांच्याकडे भट्टी आणि तेलाची टाकी आहे का ते स्वतः पाहून घ्या. बाक किती द्यायचा हे त्यांच्या अंदाजावर सोडू नका. गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतल्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा कापून द्या.

शाफ्टबाबत मी जरा कठोर बोलणार आहे. नीडल बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवर धावतात, त्यामुळे तो पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असणे अटळ आहे. वेल्डिंग करून भरणे आणि कातणे हा पर्याय विचारातही घेऊ नये. हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करता येते, पण क्रोम चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत सुमारे २०० अंशांना कित्येक तास भाजणे आवश्यक असते आणि हे न सांगता करणारे प्लेटिंगवाले विरळाच. या गाडीत शाफ्टच चाकाला धरून ठेवतो. तो हबजवळ तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट निघून जाते. म्हणून नख अडकते आहे तो शाफ्ट बदलावा आणि जो चांगला दिसतो आहे त्याचीही चावीच्या खाचेपाशी आणि निमुळत्या भागाच्या मुळाशी चुंबकीय कणांची तपासणी करून घ्यावी. निदान डाय पेनिट्रंट (रंगाने तडे दाखवणारी चाचणी) तरी कराच. त्याचे तीन डबे मिळतात आणि घरीही करता येते.

हेराल्डस्वार

पोलादपारखी ताई, मनापासून आभार. उजवा शाफ्ट बाद केला. डाव्या शाफ्टची चुंबकीय तपासणी भोसरीतच करून घेतली, तो निर्दोष आहे. तरीही क्रॉस आणि बेअरिंगे दोन्ही बाजूंची नवीनच घालणार आहे.

नवीन शाफ्ट इंग्लंडहून मागवणाऱ्यांना एक सूचना. हेराल्डचे मागचे बरेच भाग ट्रायम्फ स्पिटफायरशी जुळतात आणि ते तिथे आजही सहज मिळतात, पण १९७३ पासूनच्या स्पिटफायरचा मागचा ट्रॅक (दोन चाकांमधले अंतर) दोन इंचांनी रुंद केलेला होता आणि त्यासाठी शाफ्ट लांब केलेले होते. विक्रेत्याकडून लांबी लेखी मागवल्याशिवाय पैसे भरू नयेत. क्रॉससाठी मात्र परदेशी जाण्याची गरज पडू नये. कपाचा व्यास आणि सर्क्लिपपासून सर्क्लिपपर्यंतची लांबी कॅलिपरने मोजून नाना पेठेत न्यावी, माप सांगावे, गाडीचे नाव सांगू नये. नाव ऐकल्यावर दुकानात पुढची पाच मिनिटे गाडीच्या आठवणींत जातात आणि शेवटी नाही असे उत्तर येते.

लेथमास्तर, हब तुम्ही सांगता तशाच पुलरने निघाले. आवाजाबद्दलही तुमचे म्हणणे खरे आहे.

सरळएक्सल

सर्वांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवून विरोधी मत मांडतो. कारखान्याने स्वतःच गॅझेलमध्ये ही रचना सोडून दिली. ट्रायम्फनेही इंग्लंडमध्ये ती जशीच्या तशी ठेवली नाही; १९६८ मध्ये आपल्या जीटी-६ आणि व्हिटेस या गाड्यांना खालचे विशबोन (त्रिकोणी आधारदांडे) आणि रबरी रोटोफ्लेक्स सांधे दिले, तर १९७० च्या स्पिटफायर मार्क फोरला स्विंग स्प्रिंग दिली, ज्यात खालचे पान तेवढे डिफला घट्ट असते आणि बाकीची पाने मध्यावर मोकळी डोलू शकतात. ज्यांनी रचना केली त्यांनीच ती दुरुस्त केली असताना आपण मूळ दोषासकट ती जपावी हा हट्ट मला समजत नाही. किमान स्विंग स्प्रिंग तरी घालावी.

हेराल्डस्वार

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि स्विंग स्प्रिंगचा विचार मी केला होता. ती घातली की मागच्या बाजूचा डोलण्याला होणारा विरोध बराच कमी होतो, म्हणून स्पिटफायरमध्ये त्याबरोबर पुढचा अँटी-रोल बार (गाडीचे डोलणे रोखणारी दांडी) जाड करावा लागला. म्हणजे मागचा एक भाग बदलला की पुढचाही बदलावा लागतो. सुमारे ८०० किलोच्या, ९४८ सीसीच्या आणि कुटुंबाला घेऊन रविवारी सकाळी निघणाऱ्या गाडीला याची गरज नाही असे मला वाटते. जीटी-६ मध्ये दोन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. तिथे तो प्रश्न जीवावरचा होता. अँबेसिडरचा एक्सल बसवायचा तर चासीवर लांब पाट्यांसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील आणि मग परतीचा मार्ग उरणार नाही. ज्यांना ते करायचे असेल त्यांनी अवश्य करावे, पण त्याला हेराल्डची दुरुस्ती म्हणू नये.

जोडणी सुरू आहे. पाटा भट्टीतून बाक घेऊन परत आला, पानांच्या टोकांखालच्या गाद्या नव्या घातल्या. स्टड डिफच्या हौसिंगमध्ये बसवताना आट्यांना सीलंट लावले, म्हणजे तेल पाझरणार नाही. गाडी वर असतानाच पिनियनचे आणि दोन्ही बाजूंचे सील बदलून घेतले, कारण नंतर त्यासाठी पुन्हा सगळे उतरवावे लागते.

नवशिका

मी पहिल्यांदाच असे काम वाचतो आहे, म्हणून प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. सगळे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना आवळून टाकले तर काय बिघडते? खाली उतरवल्यावर गाडीखाली शिरायला जागाच उरत नाही.

दिवेघाट

नवशिका, हा प्रश्न बाळबोध नाही, सगळ्या कामाचा कस इथेच लागतो. पाट्याच्या डोळ्यात आणि रेडियस आर्मच्या दोन्ही टोकांत जे बुश आहेत त्यांत बाहेरची नळी, मधले रबर आणि आतली नळी हे तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते आणि नंतरची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. गाडी हवेत असताना, चाके लोंबकळत असताना आवळले, तर ती लोंबकळलेली स्थिती रबराच्या दृष्टीने विश्रांतीची ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते, प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळले जाते आणि काही महिन्यांत नळीपासून सुटते. हेराल्डस्वारांच्या पाट्यातले बुश सुटलेले निघाले ते यामुळेच असणार. शिवाय ते पिळलेले रबर गाडीला थोडे उचलूनही धरते, म्हणजे पुन्हा उंची आणि पुन्हा कॅम्बर. गॅरेजमध्ये हे सर्रास होते, कारण गाडी लिफ्टवर असताना पाना फिरवायला सोपा पडतो.

लेथमास्तर

काकांच्या म्हणण्याला एक पुरवणी. ट्रनियनच्या बोल्टाला हा नियम लागू नाही, कारण तिथे रबर नाही. बुश नळीवर मोकळा फिरतो, त्यामुळे तो हवेतच पूर्ण आवळता येतो. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) बुश वापरले तर तेही बहुधा नळीवर मोकळे फिरतात, मात्र त्यांना बसवताना सिलिकॉन ग्रीस लागते, नाही तर प्रत्येक स्पीड ब्रेकरला कुरकुर ऐकावी लागते. पुण्यात राहून ती हौस करू नये.

हेराल्डस्वार

गाडीखाली शिरण्याच्या प्रश्नावर आम्ही केलेली व्यवस्था सांगतो. सागाचे जाड ओंडके कापून चारही चाकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे दिले, म्हणजे भार चाकांवरच राहिला आणि खाली आडवे होऊन पाना फिरवण्यापुरती जागा मिळाली. सुरक्षिततेसाठी चासीखाली घोडे होते, पण चासीला न टेकवता. पुढच्या सीटवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवल्या आणि पेट्रोलची टाकी अर्धी भरली.

त्याआधी एक गोष्ट करणे भाग असते. जॅकवरून खाली आलेली हेराल्ड गुडघे जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसते. चाकांचे खालचे काठ आत ओढलेले असतात आणि मागची बाजू नको तितकी वर राहते, कारण टायर जमिनीला धरून ठेवतात आणि ट्रॅक रुंद होऊ देत नाहीत. गाडी ढकलून मागेपुढे काही मीटर फिरवली की चाके हळूहळू बाहेर सरकतात आणि गाडी आपल्या उंचीवर बसते. बोल्ट हातानेच लावलेले असताना हे फिरवणे करावे, मागून दोन-चार वेळा दाबून झुलवावे, गाडी ठोकळ्यांवर घ्यावी आणि मग टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे.

कॅम्बर मोजायला मोबाइलमधले अॅप वापरण्याऐवजी गवंड्याचा ओळंबा वापरला. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे ३५० मिलिमीटर अंतर धरले तर एक अंश म्हणजे साधारण ६ मिलिमीटरचा फरक होतो, आणि तेवढा फरक साध्या पट्टीने सहज दिसतो. वाढीव पान काढल्यावर आणि पाट्याला योग्य बाक दिल्यावर दोन्ही चाके जवळजवळ उभी, वरून किंचित आत, अशी आली. पूर्वी ती खालून आत होती.

टो, म्हणजे चाकांचे तोंड आत-बाहेर किती वळले आहे ते, मोजण्यासाठी गाडीच्या दोन्ही बाजूंनी, हबच्या उंचीवर, एकमेकींना समांतर दोऱ्या ताणल्या. पुढचा आणि मागचा ट्रॅक सारखा आहे असे गृहीत न धरता दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेपासून मोजून लावाव्यात. डावे चाक बाहेर पाहत होते. रेडियस आर्मचा ब्रॅकेट आणि चासी यांच्या मधल्या शिमा (पातळ पत्र्याचे तुकडे) कमीजास्त करून ते जुळवले. शिमा दोन्ही बाजूंना सारख्या संख्येने असाव्यात असा समज आढळतो, तो सोडून द्यावा. चासी साठ वर्षांची आहे, प्रत्येक बाजूला जे लागेल ते द्यावे.

पोलादपारखी

पाटा पहिल्या काही दिवसांत थोडा बसेल, त्यामुळे उंची आणि कॅम्बर पुन्हा मोजा. सहा स्टडांचे नटही तेव्हाच पुन्हा तपासा, कारण पानांमधला रंग आणि गाद्या दबल्या की ते सैल पडतात. हबच्या नटाला मात्र पुस्तिकेतला पूर्ण टॉर्क आताच हवा. तिथे सैलपणा राहिला तर निमुळत्या भागावर घर्षणाने गंज धरतो आणि चावीची खाच फाटते.

हेराल्डस्वार

गाडी रस्त्यावर आली. पहिल्यांदा पाषाण रस्त्यावर हळू, मग जुन्या कात्रज घाटातून बोगद्यापर्यंत जाऊन आलो. खटखट पूर्ण थांबली आहे आणि खड्ड्यावरून एक चाक गेले तर दुसऱ्याला त्याची खबर लागत नाही, ज्यासाठी ही रचना केली होती. वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी करायचा, वळणभर अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायचा आणि मध्येच तो झटकन सोडायचा नाही, ही सवय या गाडीत हवीच. सरळएक्सल यांचा दोषाबद्दलचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य आहे.

नटांची फेरतपासणी केली. स्टडांचे दोन नट थोडे फिरले, बाकी जागेवर होते. मागची उंची काही मिलिमीटर खाली आली आणि दोन्ही बाजूंना सारखीच आली.

नवशिका

पुढची बाजूही आताच उघडणार का? पुढच्या ट्रनियनला ग्रीस मारायचे ना?

लेथमास्तर

ग्रीस नव्हे. पुढचे ट्रनियन पितळी असतात आणि त्यांच्या आट्यांवरच स्टिअरिंग फिरते. तिथे नव्वद नंबरचे गिअर ऑइल भरायचे असते. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, आत पाणी राहते, पोलादी लिंक गंजते आणि एके दिवशी चाक वळवताना तुटते. निपल पाहून सगळे ग्रीसगन लावतात, म्हणून ऑइल भरण्यासाठी एक वेगळी गन ठेवा आणि तिच्यावर रंगाने तसे लिहा. हेराल्डस्वार, पुढची बाजू उघडलीत की नवीन धागा काढा, मी लिंकच्या आट्यांची मापे काढून ठेवली आहेत.